मोठा सोलर इन्व्हर्टर: विद्युत जोडणीच्या आखणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथे ‘मोठा’ म्हणजे तीन फेजचा, भिंतीवर किंवा स्टँडवर बसणारा, साधारण ५० किलोवॉटच्या पुढचा स्ट्रिंग इन्व्हर्टर, म्हणजे ओळीने जोडलेल्या मॉड्यूलच्या माळांची (स्ट्रिंगची) डीसी वीज एसी करून ग्रिडला देणारं मशीन. हिशेब दाखवताना बहुतेक ठिकाणी एकच नमुना धरला आहे: १०० किलोवॉट, डीसी बाजूला कमाल ११०० व्होल्ट, एसी बाजूला ४०० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तुमच्या मशीनचे आकडे वेगळे असतील, रीत तीच राहील. शब्दांचा गोंधळ नको म्हणून एक आधीच ठरवून टाकू. साइटवर ‘पॅनल’ म्हटलं की निम्मे लोक छताकडे बघतात आणि निम्मे स्विचबोर्डकडे. इथे छतावरचं ते मॉड्यूल आणि ब्रेकरचं ते पॅनल.

आखणी कुठून सुरू करायची? छतावर किती मॉड्यूल बसतात ते आधी मोजायचं ना?

सगळे तिथूनच सुरू करतात आणि तिथेच चुकतं. आखणी उलट्या टोकाने करा: आधी ग्रिड, मग मुख्य पॅनल, मग एसी केबल, मग इन्व्हर्टरची जागा आणि सगळ्यात शेवटी मॉड्यूल. डीसी बाजूची चूक बहुधा कागदावरच सापडते, कारण तिथले आकडे डेटाशीटमध्ये छापलेले असतात. एसी बाजूला मात्र जुना ट्रान्सफॉर्मर, कोणीतरी कधीतरी वाढवलेले फीडर (पॅनलमधून निघणाऱ्या जोडण्या) आणि कोणीच न मोजलेलं व्होल्टेज असतं. म्हणून पहिल्या भेटीत टेप काढायच्या आधी मीटर काढा. ज्या पॅनलला जोडायचं आहे तिथे निदान आठवडाभर व्होल्टेज नोंदवणारा लॉगर लावा. त्या आठवड्यात एक सुट्टीचा दिवस यायला हवा. कारण पुढच्याच उत्तरात आहे.

एसी केबल लांब झाली तर थोडी वीज वाया जाईल, एवढंच ना?

एवढंच असतं तर हा प्रश्न इथे घेतला नसता. लोडच्या केबलमध्ये व्होल्टेज ड्रॉप होतो, म्हणजे लोडपाशी व्होल्टेज कमी मिळतं. इन्व्हर्टर वीज ढकलतो, त्यामुळे त्याच्या टर्मिनलवर व्होल्टेज ग्रिडपेक्षा जास्त असतं. केबल जितकी लांब आणि बारीक, तितकं जास्त.

१०० किलोवॉटला ४०० व्होल्टवर साधारण १४५ अँपिअर जातात. पॅनलपासून इन्व्हर्टर १५० मीटरवर आहे आणि १२० स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर छेदाची) अॅल्युमिनियम केबल टाकली आहे असं धरा. करंट वाहून नेण्यापुरती ही केबल ठीक आहे. गरम असताना तिच्या एका कोअरचा (आतल्या एका तारेचा) रोध ०.०४५ ओहमच्या आसपास भरतो. १४५ गुणिले ०.०४५ म्हणजे फेजमागे ६.५ व्होल्ट. आता पॅनलवर सुट्टीच्या दुपारी २४८ व्होल्ट असतील, तर इन्व्हर्टरला दिसणार २५४.५. जिथे २३० व्होल्टच्या वर दहा टक्के, म्हणजे २५३, ही मर्यादा आहे तिथे मशीन बाहेर पडणार. थोड्या वेळाने परत जोडणार, परत बाहेर पडणार. आमच्या एका कामात अगदी हेच झालं. सोमवार ते शनिवार सगळं सुरळीत आणि रविवारी दुपारी बाराच्या ठोक्याला ट्रिप. दोन महिने मशीनला शिव्या बसल्या, एक कार्डही बदलून झालं. दोष केबलचा होता. रविवारी लोड नसल्यामुळे पॅनलवरचं व्होल्टेज चढायचं आणि उरलेलं अंतर केबल भरून काढायची.

तीच केबल २४० स्क्वेअरची घेतली तर वाढ ३.३ व्होल्टवर येते आणि २५१.३ ला काम भागतं. दुसरा मार्ग म्हणजे इन्व्हर्टरच पॅनलजवळ आणून डीसी केबल लांब करणं. तिकडे व्होल्टेज जास्त आणि करंट कमी असल्यामुळे लांबी कमी बोचते. ट्रान्सफॉर्मरचा टॅप (बाहेरचं व्होल्टेज पायरीपायरीने बदलणारी जोडणी) एक पायरी खाली घेणं हाही उपाय आहे, पण त्याच ट्रान्सफॉर्मरवरच्या लांबच्या लोडला संध्याकाळी काय मिळेल तेही पाहा. इन्व्हर्टरच्या सेटिंगमध्ये शिरून ट्रिपची मर्यादाच वर सरकवणं हा उपाय नव्हे. ती मर्यादा वीज कंपनीच्या नियमातून येते.

आखणी करताना मी एसी बाजूची वाढ एक ते दीड टक्क्याच्या आत ठेवतो.

मुख्य पॅनलमध्ये एक फीडर रिकामा आहे. तिथेच जोडलं तर?

आधी बसबारकडे, म्हणजे पॅनलमधल्या सगळ्या ब्रेकरना जोडणाऱ्या जाड पट्टीकडे बघा. इनकमर (ग्रिडकडून येणाऱ्या विजेचा मुख्य ब्रेकर) १००० अँपिअरचा, बसबारही १००० चा असं धरा. एकट्या ग्रिडवर चालताना बसबारमधून १००० च्या वर करंट जाऊच शकत नाही, इनकमर ट्रिप होतो. आता असे तीन इन्व्हर्टर जोडले, प्रत्येकाचा कमाल करंट १५९ अँपिअर (१०० किलोवॉटच्या मशीनची एकूण कमाल क्षमता ११० केव्हीए धरून), म्हणजे ४७७. ग्रिडकडून १००० आणि सोलरकडून ४७७ येऊन लोड १४७७ पर्यंत वाढू शकतो आणि एकही ब्रेकर हलणार नाही, कारण कोणाच्याच मर्यादेबाहेर काही गेलेलं नसतं. मधल्या बसबारचा तुकडा मात्र तापत राहतो.

म्हणून बसबार सगळ्या स्रोतांच्या बेरजेला पुरेल एवढा हवा, नाहीतर इनकमरची सेटिंग खाली आणावी लागते. सोलरचा फीडर इनकमरच्या विरुद्ध टोकाला घेतला तर मधल्या लोडमुळे एका जागी बेरीज होत नाही. पण उद्या कोणी फीडरची अदलाबदल केली की तो आधार गेला. तीन-चार इन्व्हर्टर असतील तर त्यांचं वेगळं एसी कंबायनर पॅनल करून तिथून एकच जाड केबल ट्रान्सफॉर्मरच्या जवळ नेणं मला जास्त पसंत आहे. काम करताना एकच हँडल खाली करायचं, एकच कुलूप लावायचं.

ब्रेकर किती अँपिअरचा घ्यावा?

कमाल करंट १५९ अँपिअर, सव्वापट केले की १९९, म्हणून कागदावर २०० येतात. पण सोलरचा लोड तासन्‌तास सलग असतो आणि ब्रेकर अनेकदा उन्हातल्या डब्यात असतो. थर्मल-मॅग्नेटिक एमसीसीबी (मोठ्या करंटचा बंदिस्त ब्रेकर) सहसा ४० अंशांना कॅलिब्रेट केलेला असतो. डब्यात ५५ असतील तर किती कमी धरायचं ते कॅटलॉगच्या तक्त्यात दिलेलं असतं. मी २५० ची फ्रेम घेऊन सेटिंग २०० च्या आसपास ठेवतो, अर्थात केबलची क्षमता त्या सेटिंगपेक्षा जास्त आहे हे पाहूनच.

तोडण्याची क्षमताही बघा. १००० केव्हीएच्या ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण करंट ४०० व्होल्टला १४४३ अँपिअर. इम्पिडन्स (आतला अडथळा) ५ टक्के असेल तर शॉर्ट सर्किटमध्ये जवळपास २९ हजार. तिथे २५ केएचा (२५ हजार अँपिअरपर्यंत तोडणारा) ब्रेकर बसवणं म्हणजे विषाची परीक्षा. ३६ केएचा घ्या.

आणि हा ब्रेकर बसवायचा कुठे? पॅनलच्या टोकाला. केबलमध्ये दोष झाला तर करंट ग्रिडकडून उसळतो. इन्व्हर्टर स्वतःच्या रेटेड करंटच्या दीडपटीपलीकडे सहसा जातच नाही, त्याच्या जिवावर कुठलाही ब्रेकर चटकन पडणार नाही. इन्व्हर्टरपाशी आयसोलेटर (हाताने तोडायचा स्विच) हवा, पण तो काम करणाऱ्या माणसाच्या सोयीसाठी.

एका स्ट्रिंगमध्ये किती मॉड्यूल घ्यायची?

वरची मर्यादा थंडी ठरवते, खालची ऊन. सेल थंड असला की व्होल्टेज वाढतं. मॉड्यूलचं ओपन सर्किट (काहीच लोड नसतानाचं) व्होल्टेज ४९.५ आणि तापमान गुणांक अंशामागे उणे ०.२७ टक्के धरू. डेटाशीटचा आकडा २५ अंशांचा असतो. जागेचं किमान तापमान ५ अंश असेल तर फरक २० अंशांचा, वाढ ५.४ टक्के आणि व्होल्टेज ५२.२. अकराशेला भागलं की २१ येतात. पण २१ ला बेरीज १०९६ होते, म्हणजे चार व्होल्टांची उसंत. एखाद्या वर्षी थंडीने विक्रम मोडला की मशीन गेलं, वॉरंटीसकट. २० घ्या.

उन्हाकडूनही तपासा. सेल ७० अंशांवर असताना ४१.५ व्होल्टचं कार्यकारी व्होल्टेज ३५ वर येतं. वीस मॉड्यूलचे ७०० व्होल्ट. पूर्ण पॉवर देण्याची खिडकी ५४० ते ८०० असेल तर छान बसलं. लक्षात ठेवा, एमपीपीटीची (मॉड्यूलमधून जास्तीत जास्त वीज ओढणाऱ्या इन्व्हर्टरच्या भागाची) मोठी छापलेली रेंज वेगळी आणि पूर्ण पॉवरची रेंज वेगळी. दुसरी बारीक अक्षरात असते.

स्ट्रिंगला फ्यूज लागतोच का?

एका एमपीपीटीवर एक किंवा दोनच स्ट्रिंग असतील तर सहसा नाही. दोनांपैकी एक बिघडली तर तिच्यात उलटा करंट दुसऱ्या एकाच स्ट्रिंगचा येतो, तो मॉड्यूल सोसतं. तीन झाल्या की दोन स्ट्रिंगचे मिळून २८ अँपिअर येतात आणि मॉड्यूलच्या मागच्या लेबलवर कमाल फ्यूज २५ लिहिलेला असतो. मग फ्यूज हवाच, तोही डीसी सोलरसाठीचा जीपीव्ही वर्गाचा. आयईसी ६२५४८ या आंतरराष्ट्रीय विद्युत मानकाप्रमाणे तो शॉर्ट सर्किट करंटच्या दीडपट ते २.४ पटीत बसवतात. १४ अँपिअरच्या मॉड्यूलला २५ चा फ्यूज बरोबर जमतो. साधा एसी फ्यूज ‘तात्पुरता’ लावू नका. डीसीचा आर्क एसीसारखा शून्यातून जात नाही, तो पेटलेलाच राहतो.

बायफेशियल (दोन्ही बाजूंनी प्रकाश घेणारी) मॉड्यूल असतील तर मागच्या बाजूने येणारा करंटही हिशेबात धरा, नाहीतर एमपीपीटीची करंट मर्यादा भर दुपारी उत्पादन कापत बसेल.

डीसी केबल ४ स्क्वेअर की ६?

वीस मॉड्यूलच्या स्ट्रिंगला, ८० मीटर अंतरावर, १३ अँपिअरला ६ स्क्वेअरमध्ये सात-साडेसात व्होल्ट जातात, म्हणजे एक टक्का. चारमध्ये दीड टक्क्याच्या वर. लांबी चाळीसच्या आत असेल तर ४ चालते, एरवी ६. प्लस आणि मायनस कायम जोडीने न्या. एक या भिंतीवरून आणि एक त्या भिंतीवरून नेली की मध्ये प्रचंड लूप तयार होतो आणि आसपास वीज कडाडली की त्यात सर्ज (व्होल्टेजची अचानक उसळी) उठतो.

कनेक्टर दोन्ही बाजूंचे एकाच बनावटीचे हवेत. ‘बसतो ना’ हा निकष नाही. अर्ध्या मिलिमीटरचा फरक दोन उन्हाळ्यांनंतर वितळलेल्या प्लॅस्टिकच्या रूपाने दिसतो.

इन्व्हर्टर खोलीत सुरक्षित राहील की बाहेर?

१०० किलोवॉटचा इन्व्हर्टर ९८ टक्के कार्यक्षमतेने चालला तरी दोन किलोवॉट उष्णता सोडतो. असे दहा एका बंद खोलीत ठेवले की खोलीत २० किलोवॉटची शेगडी दिवसभर पेटलेली आहे असं समजा. सभोवतालचं तापमान एका मर्यादेपलीकडे गेलं की मशीन स्वतःच पॉवर कमी करतं. बाहेर, सावलीत, छपराखाली, चारही बाजूंनी हवा खेळती असेल तिथे लावा. एकाच्या डोक्यावर दुसरा नको. खालच्याची गरम हवा वरचा ओढून घेतो.

आणखी एक अडचण कागदावर कधीच दिसत नाही. आपण वर २४० स्क्वेअरची केबल ठरवली. चार कोअर आर्मर्ड केबलचा व्यास ६० मिलिमीटरच्या आसपास आणि वळण व्यासाच्या १२ पट, म्हणजे ७० सेंटिमीटरहून मोठं. इन्व्हर्टर जमिनीपासून अर्ध्या मीटरवर बसवला असेल तर ती केबल सरळ ग्लँडमध्ये (केबल आत घेणाऱ्या तोंडात) शिरूच शकत नाही. दोन माणसं तिला लोंबकळून वाकवतात, टर्मिनलवर ताण येतो आणि सहा महिन्यांनी एक फेज काळी पडते. शिवाय काही मशीनच्या टर्मिनलमध्ये एवढ्या मापाचं लग (केबलच्या टोकाला बसवायचा धातूचा तुकडा) मावतच नाही. अशा वेळी जवळच एक जंक्शन बॉक्स घ्या आणि तिथून पुढे लवचीक तांब्याची केबल न्या.

अॅल्युमिनियम केबल चालते का? तांबंच घ्यावं?

चालते. पण इन्व्हर्टरचं टर्मिनल तांब्याचं असतं, म्हणून बायमेटॅलिक लग, सांधणीला ऑक्साइड रोखणारी पेस्ट, योग्य डायने क्रिम्पिंग आणि टॉर्क पान्याने मॅन्युअलमध्ये दिलेल्या आकड्याएवढंच आवळणं, ही चारही हवीत. हाताच्या अंदाजाने आवळलेला बोल्ट एक तर ढिला राहतो, नाहीतर स्टड तुटतो. आवळल्यावर मार्करने बोल्टपासून लगपर्यंत एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की बोल्ट फिरला हे लांबूनच कळतं.

८०० व्होल्टच्या इन्व्हर्टरला न्यूट्रल कुठे जोडायचा?

कुठेच नाही. २५०-३५० किलोवॉटची, १५०० व्होल्ट डीसीची ही मशीनं तीन वायरवर चालतात आणि त्यांना स्वतःचा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. फायदा सरळ आहे: ३०० किलोवॉटला ४०० व्होल्टवर ४३३ अँपिअर लागतात, ८०० वर निम्मे, आणि केबलमधलं नुकसान चौथाई. त्या ट्रान्सफॉर्मरच्या इन्व्हर्टरकडच्या वाइंडिंगचा स्टार पॉइंट सहसा अर्थ करत नाहीत. सवयीने कोणीतरी तिथे पट्टी मारतो आणि इन्व्हर्टर इन्सुलेशनचा दोष दाखवत बसतो. ड्रॉइंगवर त्या जागी ठळक अक्षरात ‘अर्थ करू नये’ असं लिहा आणि इन्सुलेशन मॉनिटर बसवा.

इन्व्हर्टरच्या पुढे ३० मिलिअँपिअरचा आरसीडी (गळती करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) लावावा का?

लावला तर रोज सकाळी दव पडलं की ट्रिप होईल. मॉड्यूल आणि जमीन यांच्यात मोठा कपॅसिटर तयार झालेला असतो आणि ट्रान्सफॉर्मर नसलेल्या इन्व्हर्टरमध्ये त्यातून काही गळती करंट कायम वाहतो. म्हणूनच आयईसी ६२१०९-२ मध्ये ३० केव्हीएच्या वर केव्हीएमागे १० मिलिअँपिअर अशी सतत गळतीची मर्यादा आहे. आपल्या ११० केव्हीएला १.१ अँपिअर. अचानक उडी मारणारी गळती, म्हणजे माणूस चिकटल्यासारखी, ओळखायला मशीनच्या आत वेगळी देखरेख असते. नियमाने बाहेर आरसीडी हवाच असेल तर निर्माता सांगेल तो प्रकार, बहुधा टाइप बी (डीसी गळतीही ओळखणारा), आणि मोठ्या मापाचा.

अर्थिंग?

फेजची वायर ३५ स्क्वेअरच्या वर असेल तर अर्थची वायर, त्याच धातूची, निदान निम्मी. मॉड्यूलच्या फ्रेमवर अॅनोडायझिंगचा थर असतो आणि तो वीज वाहू देत नाही, म्हणून थर फोडणारा दातेरी वॉशर वापरा. सोलरसाठी वेगळा, कशालाच न जोडलेला अर्थ पिट ही जुनी समजूत आहे. सगळे अर्थ एकमेकांना जोडलेले हवेत, नाहीतर वीज पडताना दोन पिटमधला व्होल्टेजचा फरक इन्व्हर्टरच्या आत भेटतो.

सर्ज प्रोटेक्टर मशीनमध्ये असतोच ना?

बहुतेकांत टाइप २ (लांबून आलेली उसळी झेलणारा) असतो. इमारतीला वीजरोधक (आकाशातली वीज जमिनीत नेणारा दांडा) असेल आणि त्यापासून पुरेसं अंतर राखता येत नसेल तर टाइप १ (थेट पडलेल्या विजेचा करंट सोसणारा) सुद्धा लागतो. डीसी केबल १० मीटरपेक्षा लांब असेल तर मॉड्यूलच्या टोकालाही एक संच हवा. जोडणीच्या वायरी मिळून अर्ध्या मीटरच्या आत ठेवा. एक मीटर वायर म्हणजे साधारण एक मायक्रोहेन्री, आणि करंट मायक्रोसेकंदाला एक किलोअँपिअरने चढला की त्या मीटरभर वायरवरच एक हजार व्होल्ट उभे राहतात. महागडं उपकरण आणि त्याला नीटनेटकी गुंडाळी केलेली लांब वायर, हे दृश्य फार वेळा बघितलंय.

सोलर लावल्यावर पॉवर फॅक्टर बिघडला. इन्व्हर्टर खराब आहे का?

नाही, गणित बदललं. लोड २०० किलोवॉट, पॉवर फॅक्टर ०.९५, म्हणजे ६६ किलोव्हार रिअॅक्टिव्ह (प्रत्यक्ष काम न करता मागे-पुढे हेलकावणारी वीज). सोलरने १५० किलोवॉट दिले, पण रिअॅक्टिव्ह काहीच दिलं नाही. ग्रिडकडून आता ५० किलोवॉट आणि तेच ६६ किलोव्हार येतात. मीटरला दिसतो ०.६. इन्व्हर्टरला रिअॅक्टिव्ह द्यायला सांगता येतं, फक्त त्याची केव्हीए मर्यादा आखतानाच धरून ठेवा. पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या कपॅसिटर पॅनलचा सीटी (करंट मोजणारी कॉइल) ग्रिडच्या बाजूला, सोलर जोडलेल्या जागेच्या वर हवा, आणि त्याचा कंट्रोलर उलटी वीज ओळखणारा, चार क्वाड्रंटचा.

वीज गेली तर इन्व्हर्टर चालू राहील? आणि जनरेटरसोबत?

साधा ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर वीज गेल्यावर बंद होतो आणि व्हायलाच हवा, लाइनवर माणूस काम करत असतो. जनरेटरशी जोडायचं तर नियंत्रक लागतो. डिझेल इंजिनाला निदान ३० टक्के लोड ठेवावा लागतो. ४०० किलोवॉटच्या जनरेटरवर २०० चा लोड असेल तर १२० जनरेटरचे, म्हणजे सोलरला उरतात ८०. त्याहून जास्त दिलं आणि अचानक एक मोठी मोटर बंद पडली तर वीज जनरेटरमध्ये उलटी शिरते.

कम्युनिकेशनची वायर शेवटी टाकली तर चालेल?

टाका, पण ट्रेमध्ये जागा आधीच राखा. आरएस-४८५ (मशीनं ज्यावर माहिती पाठवतात ती वायर) एकापाठोपाठ एक माळेसारखी जोडायची, फाटे फोडायचे नाहीत. दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध, प्रत्येक मशीनला वेगळा पत्ता, पॉवर केबलपासून दूर.

चालू करण्याच्या दिवशी काय तपासायचं?

पद्धत आयईसी ६२४४६-१ मध्ये आहे. त्यातल्या दोन गोष्टी कधीच टाळू नका. पहिली, प्रत्येक स्ट्रिंगची पोलॅरिटी आणि व्होल्टेज, जोडण्याआधी. एक स्ट्रिंग उलटी असेल तर जोडताना दोन टोकांमध्ये दोन्हींची बेरीज, दोन हजार व्होल्टच्या आसपास, समोर येते. मीटर आणि त्याच्या लीड १००० व्होल्टच्याच असतील तर ११०० च्या सिस्टिमला लावू नका. दुसरी, मेगर, म्हणजे इन्सुलेशनचा रोध मोजणं. ५०० ते १००० व्होल्टच्या स्ट्रिंगला १००० व्होल्टने तपासून निदान १ मेगओहम मिळायला हवा. मेगर मारताना इन्व्हर्टर आणि सर्ज प्रोटेक्टर सुटे केलेले असावेत, नाहीतर तुम्ही केबल नव्हे तर सर्ज प्रोटेक्टरमधला व्हॅरिस्टर तपासत असता. आकडा सकाळी कमी आणि दुपारी चांगला येत असेल तर खूश होऊ नका. कुठल्या तरी कनेक्टरमध्ये ओल आहे, तो शोधा.

मग पहिल्या निरभ्र दुपारी, पूर्ण लोडवर, थर्मल कॅमेऱ्याने सगळे लग बघा. तीन फेजमध्ये एक जरी बाकी दोघांपेक्षा वेगळी तापलेली दिसली तर मशीन बंद करा, दोन्ही बाजूंचे स्विच उघडून कुलूप लावा, मशीनवर लिहिली असतील तितकी मिनिटं थांबा, मीटरने शून्य बघा आणि मगच झाकणाला हात लावा. आतले कपॅसिटर स्विच खाली पडल्यावरही काही मिनिटं भरलेलेच असतात.